कापलेला टप

आमच्या घरी गाडी नाही. कधी नव्हतीच. एक स्कूटर होती, तिचाही पत्रा मांडवीच्या खाऱ्या वाऱ्याने इतका खाल्ला की शेवटी भंगारवाल्यानेसुद्धा ती उचलताना नाक मुरडलं. आणि तरी चिपळूणपासून कोल्हापूरपर्यंतची जुन्या गाड्यांची वेडी माणसं, एखादी गाडी ओळखता आली नाही की आमच्या यांनाच विचारायची. हे कॉलेजात गणित शिकवायचे. गाड्यांशी संबंध म्हणाल तर नुसता डोळ्यांचा. रस्त्याने चालताना मध्येच थांबायचे, आणि मी पुढे एकटीच बडबडत जायची. मागे वळून बघावं तर हे कुणाच्या तरी अंगणात वाकून मडगार्ड न्याहाळतायत आणि घरातली बाई लाटणं हातात घेऊन दारात उभी. अहो, निदान आधी हाक तरी मारा, किती वेळा सांगितलं असेल मी.

गाड्यांची नावं मात्र इथे लिहिणार नाही. आता ती मला पाठ आहेत, पण ती यांची आहेत. ती उच्चारायला मला तोंड राहिलेलं नाही.

रविवारी सकाळी या गाडीवेड्यांच्या फोनवरच्या ग्रुपवर अंगठ्याचा खेळ चालतो. एकाने जुन्या गाडीच्या कुठल्या तरी भागाचा फोटो टाकायचा. दाराची मूठ, मागचा दिवा, हॉर्नचं बटण, काहीही. कंपनीचं नाव दिसत असेल तिथे अंगठा ठेवून फोटो काढायचा. बाकीच्यांनी गाडी ओळखायची, आणि कशावरून ओळखली ती खूणही सांगायची. फोनला विचारायचं नाही. हल्ली फोटो दाखवला की फोनच सगळं सांगतो, पण तसं करणार नाही असा प्रत्येकाने शब्द दिलेला. तपासणार कोण? कुणीच नाही. मला याचं हसू यायचं. टकलं पडलेली माणसं, आणि पोरासोरांसारखी शपथा घेतात मेली.

यांचं उत्तर तीन-चार शब्दांचं असायचं. गाडीचं नाव, आणि पुढे "बिजागरी मागे", नाहीतर "दिवा उभा, खाली गोल". बस्स. त्यावर ग्रुपमधला भांडखोरातला भांडखोर गप्प व्हायचा. कुणाला गाडी घ्यायची असो की कुणाची भंगारात चाललेली असो, काका, म्हणजे हे, काय म्हणतात ते आधी बघायचे. घरात यांचं म्हणणं एवढं कधी कुणी मानलं नव्हतं, मी तर नाहीच नाही.

यांना स्वतःला एकच गाडी बघायची होती. लहानपणी हात मोडला तेव्हा गावच्या डॉक्टरांनी आपल्या उघड्या गाडीतून यांना रत्नागिरीला आणलं होतं. म्हणजे टप होता तिला, पण कापडाचा, घडी करून मागे सारता येणारा. डॉक्टरांनी तो मागे सारला आणि हे वारा खात आले. हाताचं दुखणं विसरले, गाडी विसरले नाहीत. कंपनीने तशी उघडी गाडी फार थोडी काढली. तिची बंद टपाची बहीण मात्र जिकडेतिकडे होती, पूर्वी टॅक्सीला असायची. पुढून दोघी अगदी सारख्या. लग्नानंतर पहिल्याच जेवणात मी ही गोष्ट ऐकली आणि पुढे इतकी वेळा ऐकली की डॉक्टरांच्या टोपीचा रंगसुद्धा मला पाठ झाला.

लांजा, संगमेश्वर, पावस, कुठे उघडी गाडी पडून आहे असं कळलं की आम्ही एसटीने निघालो. आणि दर वेळी तेच. आपल्याकडच्या लोकांनी काय केलंय, बंद गाडी जुनी झाली की गॅसने तिचा टप कापायचा आणि मागे आंब्याच्या पेट्या भरायच्या. नाहीतर मासळीच्या टोपल्या. कलमांच्या बागेत अशी एखादी बोडकी गाडी हमखास उभी असायची. हे कापलेल्या कडेवरून बोट फिरवायचे आणि म्हणायचे, "कापलेला." परत येताना एसटीत एक शब्द नाही. मी डब्यातली पोळीभाजी पुढे करायची आणि मनात म्हणायची, शिंची ती गाडी एकदाची मिळू दे, नाहीतर यांचा नाद सुटू दे.

गेल्या वर्षी आंब्याच्या दिवसांत यांना झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं गेलं. डोकं शाबूत आहे असं डॉक्टर म्हणतात, आणि ते मला यांच्या डोळ्यांत दिसतं. पण तोंडातून निघतात ते चारच शब्द. हो, नको, मी, आणि मला हाक मारायचं ते "अगो". बाकीचे शब्द आत कुठेतरी अडकलेत. बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, आवडीच्या विषयावर बोलतं करा. मग मी दर रविवारी फोटो यांच्यासमोर धरू लागले. हे डाव्या हाताने खुणा करायचे, मी गाड्यांच्या यादीतलं एकेक नाव वाचून दाखवायची, बरोबर नावाला हे "हो" म्हणायचे. मी ते टाइप करायची. तोवर सगळं सरळ होतं हो. उत्तर यांचंच होतं, बोटं फक्त माझी.

पण कधीकधी तासभर खटपट करूनही जमायचं नाही. यांना कळलेलं असायचं, मला कळत नसायचं. हे चिडायचे, मी चिडायची, चहा निवून जायचा. अशाच एका रविवारी ग्रुपवर कुणीतरी लिहिलं की काका रिटायर झाले वाटतं, आणि खाली दोघा-तिघांनी हसरे चेहरे टाकले. त्यांना काय माहीत? मीच सगळ्यांना सांगितलं होतं की हे बरे आहेत, हाताला जरा त्रास आहे एवढंच. भेटायला येतो म्हणणाऱ्यांना मी टोलवत होते. खरं लिहायचं तर मला यांची लाज वाटत होती. ज्या माणसाचा एकेक शब्द ही मंडळी झेलायची, त्याच्या तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ गळते आणि ती मी पदराने पुसते, हे मला कुणाला बघू द्यायचं नव्हतं.

तर ते हसरे चेहरे बघून माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी फोटो फोनला दाखवला. फोनने क्षणात नाव सांगितलं. खूण मी माझ्या मनाने जोडली, इतकी वर्षं कानावर पडलेलं थोडं का होतं? उत्तर बरोबर निघालं. काका इज बॅक, काका म्हणजे काका, टाळ्यांवर टाळ्या. हे शेजारी बसून बघत होते. म्हणाले, "नको."

मी म्हटलं, नको काय नको, तुमच्याचसाठी करतेय ना. हे काही बोलू शकत नव्हते, म्हणून तो वाद मी जिंकले.

त्यानंतर दर रविवारी तेच. आधी यांना दाखवायची, पण वाट बघत बसायला माझ्याकडे धीर राहिला नव्हता. आमटी उतू जायला आलेली, मासेवाली गेटाशी हाका मारतेय, आणि हे आपले बोट हवेत फिरवतायत. मग फोन. आणि खोटं कशाला सांगू, मला त्यात मजा यायला लागली होती. यांच्या नावाने टाळ्या पडायच्या त्या मला माझ्याच वाटायच्या.

या वर्षी पावसाळा संपता संपता चिपळूणच्या एका मुलाने ग्रुपवर फोटो टाकला. मुलगा म्हणजे तिशीतला इंजिनियर आहे, यांना गुरू मानतो. खेळातला फोटो नव्हता. दापोलीकडच्या मुरुडला समुद्राजवळ एका घराला पर्यटकांसाठी खोल्या काढायच्या होत्या. मागच्या माडांच्या आगरातला मांगर, म्हणजे सामानसुमान ठेवायची झोपडी, ती पाडायची होती, आणि त्यात आजोबांच्या वेळची एक गाडी होती. दोन दिवसांत जेसीबी येणार होता. गाडी कुणी नेणार असेल तर फुकट न्या, नाहीतर भंगारात देऊ, असं घरच्यांचं म्हणणं. याने टेम्पो बोलून ठेवला होता, पण उगाच साधी गाडी एवढ्या लांब कशाला वाहून न्यायची. म्हणून त्याने विचारलं होतं, काका, ही काय आहे? तुम्ही म्हणाल तर उचलतो.

फोटो अंधारातला. पुढचं बॉनेट आणि काच दिसत होती. मागे टप नव्हता. आत नारळाची झापं आणि आंब्याच्या फुटक्या पेट्या अगदी काठापर्यंत भरलेल्या.

मी तो यांना दाखवला. हे ताठ झाले. फोन माझ्या हातातून डाव्या हातात ओढून घेतला, डोळ्यांजवळ नेला, परत लांब धरला. मग फोन मांडीवर टाकून डावा पंजा कपाळावर ठेवला आणि केसांवरून पार मानेपर्यंत मागे नेला. परत कपाळावर, परत मागे. तोंडाने "मी, मी, अगो, मी" चाललेलं. मी विचारलं, डोकं दुखतंय का? "नको." पंखा लावू? "नको, नको." परत पंजा कपाळावरून मागे.

आणि मला वाटलं, यांना डोक्याला तेल लावून हवंय. सकाळी राहून गेलं होतं. मी फोन बाजूला ठेवला, वाटीत खोबरेल घेतलं आणि यांच्या मागे उभी राहून चांगलं चोळून लावलं. हे मान हलवत होते. मी म्हटलं, हलू नका हो जरा. मग हे थांबले. पुढे येऊन बघते तर डोळ्यांतून पाणी गळत होतं. तेल डोळ्यात गेलं वाटतं म्हणून मी ते पुसलं.

तेलकट बोटांनीच मग उत्तर लिहिलं. फोनला विचारलं होतं, त्याने ती टॅक्सीवाली बंद गाडीच सांगितली. पुढून दोघी सारख्याच ना. आणि टप नाही म्हणजे कापलेला, हे सांगायला मला फोन कशाला हवा? पेट्या तर समोर दिसत होत्या. आयुष्यभर मी दुसरं काही बघितलंच नव्हतं. मी लिहिलं, "साधी आहे. टप कापलेला. पेट्यांसाठी." अगदी यांच्यासारखं, तुटक. त्या मुलाने लगेच हात जोडलेलं चित्र पाठवलं आणि टेम्पो रद्द केला. मांगर पडला, गाडी पण भंगारात गेली.

पुढे थोड्या दिवसांनी एका रविवारी दुपारी दारात माणसं उभी. ग्रुपमधले चौघे-पाचजण जुन्या गाड्या घेऊन रत्नागिरीला आले होते, मांडवीच्या बंदरावर गाड्या लावून चालत आमच्याकडे आले. कळवलं असतं तर मी टोलवलं असतं, म्हणूनच कळवलं नसणार. हे पडवीत खुर्चीवर बसले होते, गळ्याशी रुमाल बांधलेला. मी स्वयंपाकघरातून येईपर्यंत सगळ्यांनी सगळं बघितलं होतं. चिपळूणचा मुलगा यांच्या पायाशी बसला होता.

मग त्यांच्यातला सगळ्यात वडीलधारा, सांगलीचा एक दाढीवाला माणूस, हळूच मला म्हणाला, "वहिनी, मग दर रविवारी उत्तरं..."

"हे खुणेने सांगतात," मी म्हटलं. "मी नुसती टाइप करते."

एका दमात म्हटलं. अडखळलेसुद्धा नाही. सगळ्यांचे चेहरे कसे उजळले. बघा, म्हणजे काकांचं डोकं तसंच आहे. दाढीवाल्याने यांचा हात हातात घेतला. हे माझ्याकडे बघत होते. मी चहा टाकायला आत गेले.

चहा घेऊन बाहेर आले तर त्या मुलाने पिशवीतून एक लोखंडी पट्टी काढली होती. लांब, दोन्हीकडून वाकवलेली, कमानीसारखी, गंजलेली. तो सांगत होता की मुरुडच्या त्या घरी तो परवा सहज गेला. त्यांनी परसात पडवळाचा वेल चढवलाय, त्या मांडवाला या कमानी लावल्यात. त्याने विचारलं, या कुठल्या? ते म्हणाले, त्या गाडीच्याच, आजोबांनी कापड फाटल्यावर काढून ठेवल्या होत्या. तो खाली मान घालून बोलत होता, यांना दुखवायचं नव्हतं त्याला. म्हणाला, ती कापलेली नव्हती काका. घडीच्या टपाची होती. तुमच्या डॉक्टरांची होती ना, तसली.

एकाने विचारलं की या कमानी बसतात कशा. तो मुलगा म्हणाला, अशा, कापडाला आतून, आणि टप उघडायचा म्हणजे... त्याने पंजा कपाळावर ठेवला आणि केसांवरून पार मानेपर्यंत मागे नेला.

मी ट्रे खाली ठेवला. कप कुणाकुणाला दिले मला आठवत नाही.

यांनी ओळखली होती. अंधारातल्या फोटोवरून, पेट्या भरलेल्या असताना, एका नजरेत ओळखली होती. आयुष्यभर शोधलेली गाडी समोर आली, उचला असं म्हणणारा माणूस टेम्पो घेऊन तयार होता, एक "हो" हवा होता. तो "हो" हे मला परत परत सांगत होते आणि मी यांच्या डोक्याला तेल चोळत होते.

दाढीवाला म्हणाला, "काका, मनाला लावून घेऊ नका. फोटोवरून कुणाचीही चूक झाली असती."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. एवढंच म्हणायचं होतं की चूक यांची नाही, माझी आहे. पाच माणसं समोर, चहाचे कप हातात, सगळे यांच्याकडे कीव केल्यासारखे बघतायत. आत्ताच तर सांगितलं होतं ना मी, हे सांगतात, मी नुसती टाइप करते.

यांनी माझ्याकडे बघितलं. चांगलं बघितलं. मग डावा हात उचलून स्वतःच्या छातीवर ठेवला आणि म्हणाले, "मी."

दोनदा म्हणाले. "मी. मी."

त्या मुलाला रडू आलं. म्हणाला, असू दे काका, असू दे. जाताना ती कमान यांच्या खुर्चीशी ठेवून गेला.

ती माणसं गेली आणि मी फोन घेऊन बसले. लिहिलं, मुरुडच्या गाडीचं उत्तर यांचं नव्हतं. यांनी बरोबर ओळखली होती. चूक माझी, आणि त्याआधीही बरेच दिवस मीच लिहीत होते, फोनला विचारून. एवढं लिहायला मला संध्याकाळ लागली. पाठवायच्या आधी यांना वाचून दाखवलं. वाटलं होतं हे "हो" म्हणतील. हे म्हणाले, "नको."

मी म्हटलं, अहो, तुमचं नाव गेलं त्यात. "नको." मी म्हटलं, सगळ्यांना वाटतंय तुम्ही चुकलात. यांनी डाव्या हाताने फोन पालथा घातला आणि माझ्या हातावर हात ठेवून बसले.

मी ते पुसून टाकलं. आणि जे कुणाला सांगितलं नाही ते इथे लिहिते. पुसताना मला बरं वाटलं. सुटले असं वाटलं. यांनी "नको" म्हटलं ते माझ्यासाठी म्हटलं हे मला कळत होतं, आणि तरी मी ते घेतलं, पदरात पडलं ते बांधून ठेवावं तसं. त्या रात्री जेवताना मला यांच्याकडे बघवत नव्हतं.

आता रविवारी फोटो आला की फोन यांच्या हातात देते आणि बाजूला बसते. कितीही वेळ लागू दे. पण हे बघतच नाहीत. फोन माझ्याकडे परत करतात. काही लिहिलं जात नाही. कमान खुर्चीशीच आहे. रोज सकाळी यांच्या डोक्याला तेल लावून झालं की तोच तेलाचा हात तिच्यावरून फिरवते, खाऱ्या वाऱ्यात लोखंडाला तेवढं करावंच लागतं. हे बघत असतात.

परवा चिपळूणच्या मुलाचा फोन आला. म्हणाला, काकू, काका हल्ली खेळत नाहीत, ग्रुपवर सगळ्यांना चुकल्यासारखं होतं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "त्यांना म्हणावं, एका चुकीची एवढी लाज वाटून घेऊ नका. सांगाल ना?"

माझ्या फोनचा आवाज मोठा असतो, मला कमी ऐकू येतं म्हणून. हे समोरच बसले होते. सगळं यांनी ऐकलं होतं.

"सांगते," मी म्हटलं.